उपयोग काय?

दहावीच्या निकालानंतर घरोघरी एकच प्रश्न असतो : ‘हे शिकून पुढे उपयोग काय?’ इतिहास घेतो म्हणणाऱ्या पोराकडे तर घरी आलेले पाहुणेसुद्धा दयेनं पाहतात.

या प्रश्नाची चाहूल एका फ्रेंच तत्त्वज्ञाला फार आधी लागली होती. ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार त्यांचं नाव. कॅनडातल्या क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेनं त्यांच्याकडून ज्ञानाच्या स्थितीवर एक अहवाल मागवला. १९७९ साली तो पुस्तकरूपानं आला आणि ‘उत्तर-आधुनिक’ हा शब्द जगभर चर्चेत आला. ज्ञानानं माणूस मुक्त होईल, ही मोठी कहाणी आता कुणाला पटत नाही, असं त्यांचं निदान. मग विद्यार्थी ‘हे खरं आहे का?’ असं विचारत नाही. ‘हे विकलं जाईल का?’ असं विचारतो. माहिती यंत्रांत साठली की शिक्षकाचं बरंचसं काम यंत्रच करील, हेही त्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा आपल्याकडे घरी साधा फोन यायला वर्षं लागत!

मला मात्र त्यांचं पुढचं म्हणणं जास्त मोलाचं वाटतं. माहिती सगळ्यांकडे सारखीच असेल, तेव्हा वेगळेपण ठरेल ते दूरदूरच्या गोष्टी जोडून पाहण्यावर. म्हणजे कल्पनाशक्तीवर. ती कुठल्या तासाला शिकवतात? चित्रकलेच्या, बहुधा. आणि परीक्षा जवळ आली की सगळ्यांत आधी तोच तास गणिताला दिला जातो.