दुष्काळ, दान आणि शाळा

दुष्काळी मुलखातील मुलांच्या शिक्षणास खाजगी दानाचा हात लागू नये, कारण त्यायोगे राज्यसंस्था आपल्या कर्तव्यातून सुटते, असा सिद्धांत अलीकडे विद्वत्सभांतून मोठ्या निश्चयाने मांडला जातो. त्याचा प्रतिवाद सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माणदेशातील म्हसवडच्या माळावर उभे राहून केला पाहिजे.

शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, २००९ च्या कायद्याने तो चौदाव्या वर्षापर्यंत बांधून दिला आहे, हे निर्विवाद. परंतु सरकारी दप्तराने पिढ्यान्पिढ्या दुष्काळ मोजला तो आणेवारीने, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने आलेल्या पिकाच्या अंदाजाने. पीक पन्नास पैशांच्या आत आले की शेतसाऱ्यात सूट मिळे, परीक्षाशुल्क माफ होई. पण आईबाप ऊसतोडीला किंवा मुंबईला निघून गेल्यावर जी पोर धाकट्या भावंडांसाठी घरी राहिली, तिची नोंद कोणत्या रकान्यात होते? शुल्कमाफीचा लाभ जे मूल परीक्षेपर्यंत वर्गात टिकले त्यालाच.

म्हणून २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चालविलेली चारा छावणी मी शैक्षणिक कार्यातच गणतो. जनावर विकले की दुधाचा पैसा थांबतो, कुटुंबाचा गावाशी असलेला बंध तुटतो, आणि मुलाचे नाव हजेरीपटावर राहून मूल मात्र परमुलखात जाते. अर्थात बिऱ्हाडच छावणीत आले की वैरणपाण्याच्या कामात मुलांची शाळा बुडण्याचे भय असतेच. दावणीबरोबर पाटीची सोय केली तरच ते कार्य पुरे होते.

१८७७ च्या दुष्काळात धनकवडीला बालाश्रम उघडणाऱ्या फुले दांपत्यापासून दानातून मुलांना आधार देण्याची ही परंपरा चालत आली असली, तरी माझी श्रद्धा कर्मवीर भाऊराव पाटलांवर आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह चालविणाऱ्या या पुरुषाने गावोगाव धान्य मागितले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले, आणि तरीही कोणा विद्यार्थ्यास आपण आश्रित आहोत असे वाटू नये म्हणून ‘कमवा आणि शिका’ हा दंडक घातला गेला. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारने अनुदान रोखले तेव्हा ही संस्था रयतेच्या वर्गणीवर तगली. दानाने राज्य कर्तव्यमुक्त होते म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अभ्यासावे. तेथे दानानेच शाळेला राज्यापुढे ताठ उभे राहण्याचे बळ दिले.

‘कमवा आणि शिका’ या दंडकावरून दानाला श्रमाची जोड हवीच, असा निष्कर्ष निघतो. पण म्हसवडला तो अडतो. कमवून शिकायला जमीन, विहीर आणि विहिरीत पाणी लागते. ज्या वर्षी प्रौढालाच काम नाही, त्या वर्षी मुलाने कमवायचे म्हणजे शाळा सोडायची. सुकाळात श्रमाची अट आणि अवर्षणात निरपेक्ष दान, हाच भाऊरावांच्या तत्त्वाचा अर्थ मला आता दिसतो.

छावणी पावसाबरोबर उठते, टँकर थांबतात, वर्तमानपत्रे दुसरीकडे वळतात. पण घरावरचे कर्ज उरते, आणि माघात सुटलेली शाळा मृगाच्या सरीने परत जोडली जात नाही. जो निधी दुष्काळानंतरची दोन वर्षे मुलांच्या वसतिगृहाची, प्रवासाची, पुस्तकांची हमी घेत नाही, त्याने शिक्षणाचे नाव घेऊ नये. जो ही हमी घेतो, त्याने मदत दिलेल्या आणि शाळा सुटलेल्या मुलांची गाववार संख्या दरवर्षी तहसील कचेरीत दाखल करावी, म्हणजे आणेवारीने जे मोजले नाही ते दप्तरी येईल आणि राज्याला आपले कर्तव्य नाकारता येणार नाही.