पाहण्याचे मोल

लहान मुलांना सोबत घेऊन केलेला प्रवास वडीलधाऱ्यांना पुष्कळ गोष्टी नव्याने शिकवितो. मोठी माणसे जे पाहतात त्याविषयी त्यांनी बहुधा आधीच काही ऐकलेले असते. मुले मात्र प्रथमच पाहतात, आणि म्हणून जे कोणी विचारू नये असे आपणांस वाटते तेच नेमके विचारतात. अशाच एका प्रश्नाने माझ्या मनास बरेच दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. तो प्रश्न व त्यावरचा माझा विचार मंदिर-परिवारातील वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

2024 च्या दीपावलीच्या सुट्टीत चिरंजीव, सूनबाई व दोन्ही नातवंडे यांच्यासह आम्ही पेडण्याहून मोटारीने निघालो. नातू सहा वर्षांचा, नात चार वर्षांची. दोघांनाही चित्रांच्या पुस्तकांतले प्राणी खरेखुरे पाहावयाचे होते. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही साखळीमार्गे उसगांवकडे वळलो व बोंडल्यास पोहोचलो. बोंडल्याचे अभयारण्य अवघे आठ चौरस किलोमीटरांचे. 1969 साली ते घोषित झाले आणि त्यातच गोव्याचे प्राणिसंग्रहालय आहे. रात्री साखळीस नातेवाइकांकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी चोर्ल्याचा घाट चढून बेळगांव व तेथून पुढे भुतरामनहट्टी येथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय, असा आमचा बेत होता. मुंबईची राणीची बाग किंवा म्हैसूरचे संग्रहालय यांच्या मानाने ही दोन्ही स्थळे लहान. परंतु लहान स्थळी मूल थकत नाही, एकेका प्राण्यापुढे हवा तितका वेळ उभे राहू शकते, हा त्यांचा मोठाच गुण होय.

त्या प्रवासात एके ठिकाणी एक बिबळ्या जाळीच्या कडेने सारखा येरझारा घालीत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे, त्याच जागी वळावे आणि पुन्हा परतावे. वळण्याच्या जागी गवत उरले नव्हते. बाहेर काही तरुण त्याने डरकाळी फोडावी म्हणून शिट्ट्या वाजवीत होते. नातू पुष्कळ वेळ ते पाहत होता. मग त्याने मला विचारले, “आजोबा, ह्याने काय केले?”

मला अर्थबोध झाला नाही. तेव्हा तो म्हणाला, “ह्याला कोंडून का ठेवले आहे?”

त्याचा तर्क सरळ होता. काही वाईट केल्याशिवाय कोणी कोणास कोंडीत नाही, हे त्याला घरात शिकविलेले. मी म्हणालो, “त्याने काही केले नाही, बाळा. आपल्याला पाहता यावे म्हणून त्याला ठेवले आहे.” यावर क्षणभर विचार करून तो म्हणाला, “मग आपण पाहिले की! आता सोडतील?”

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मी त्याचा हात धरून पुढच्या पिंजऱ्याकडे गेलो.

घरी परतल्यावर मी स्वतःशी वाद घालू लागलो. प्राणिसंग्रहालय म्हणजे निव्वळ तुरुंग, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नव्हे. अशा स्थळी ठेवलेले कित्येक प्राणी जखमी होऊन किंवा आईवेगळे होऊन माणसाच्या हाती आलेले असतात. कित्येकांचा जन्मच तेथे झालेला असतो. अशांना एकाएकी रानात सोडणे म्हणजे त्यांस मरणाच्या दारी सोडणे होय. शिवाय काही जातींचे बीज केवळ अशा आश्रयामुळे टिकले. मंगोलियातील रानटी घोडा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात रानातून नाहीसा झाला. संग्रहालयांत वाढविलेल्या त्याच्या वंशजांना 1992 पासून पुन्हा त्या माळांवर सोडण्यात आले. आपल्या देशात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधामुळे, मेलेली गुरे खाणारी गिधाडे झपाट्याने नष्ट झाली. 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास हाती घेण्यात आली. ज्या कुळात आपण जटायूस पाहतो ते कुळ वाचावे म्हणून त्यातील काहींना बंधनात ठेवणे भाग पडले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कायद्यानेही या बाबतीत पूर्वीची बेफिकिरी उरू दिलेली नाही. 1992 पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून असे स्थळ चालविता येत नाही. तेथील प्राण्यांना चिडविणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा ठरविलेला आहे. 1998 साली वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांचे खेळ करण्यावर बंदी घालण्यात आली, आणि एके काळी गावोगाव येणाऱ्या सर्कशीतून हे प्राणी गेले. तेव्हा नातवास मी असे उत्तर द्यावयास हवे होते की, काही प्राण्यांना जगविण्यासाठी ठेवावे लागते, आणि आपण त्यांच्या घरी पाहुणे म्हणून आलो आहोत. या उत्तराने माझे समाधान होतही आले होते. परंतु पुढच्याच वर्षी एक अशी घटना घडली की, माझ्या समाधानातील उणीव मला दिसून आली.

2025 च्या सप्टेंबर महिन्यात सिंधुदुर्गातून एक रानहत्ती पेडणे तालुक्यात उतरला. लोक त्याला ‘ओंकार’ म्हणत. कर्नाटकातील रानांतून हत्ती 2002 पासून दोडामार्गाकडे येऊ लागले, हे आपण जाणतोच. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या देवळासमोर दोन भव्य हत्तींच्या मूर्ती उभ्या आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाने बालपणी त्यांच्याकडे मान वर करून पाहिले असेल. त्याच तालुक्यात आता जिवंत हत्ती आला, तेव्हा प्रथम सर्वांनाच कौतुक वाटले. कोणी हात जोडले, कोणी छायाचित्रे घेतली. दिवस सरद शेतीचे होते आणि भात पिकावर आले होते. एका रात्री तो माझ्या चुलतभावाच्या शेतात शिरला. सकाळी आम्ही पाहावयास गेलो तो निम्मे शेत चिखलात लोळलेले, आणि बांधावरच्या केळी मुळासकट उपटलेल्या. भाऊ काही बोलला नाही. बांधावर बसून तो एकेक लोंबी उचलून पाहत होता.

घरी येऊन मी संतापाने म्हणालो, “असल्या जनावराला धरून एकदाचे कोंडून टाकले पाहिजे!” नातू जेवत होता. घास हातात धरून त्याने विचारले, “म्हणजे ह्याने काहीतरी केले आहे ना, आजोबा?”

वर्षभरापूर्वीचा प्रश्न त्याच्या ध्यानात होता. निरपराध बिबळ्या कोंडलेला पाहून ज्या आजोबांस वाईट वाटले, तेच आजोबा आता हत्तीस शिक्षा सुनावीत होते. आणि हत्तीने तरी काय केले होते? भूक लागली म्हणून तो जेवला होता. शेत कोणाचे, बांध कोठे, राज्याची सीमा कोठली, हे त्याने कसे जाणावे?

परंतु माझ्या भावाने तरी काय केले होते? त्यालाही वर्षाचे धान्य गमवावे लागले, ते कोणत्या अपराधाबद्दल?

येथे मला या विषयाचे खरे मर्म गवसले असे वाटते. पिंजऱ्यापुढे आपल्याला जो आनंद होतो त्याचे मोल तो प्राणी आपल्या स्वातंत्र्याने भरतो. रानातील प्राणी मोकळा राहावा असे आपण म्हणतो तेव्हा त्या भूतदयेचे मोल रानालगतचा शेतकरी आपल्या पिकाने भरतो. दोन्ही ठिकाणी पाहणारे व हळहळणारे आपण मात्र तिकिटाचे पैसे देऊन मोकळे होतो. ज्या दयेची किंमत दुसरा भरतो ती दया नव्हे. फार तर ती मनाची एक सुखद लहर म्हणावी.

जानेवारी 2020 मध्ये सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. गुरे पाळून जगणाऱ्या कुटुंबातील माणसांना या प्रकरणी अटक झाली, आणि त्यांची गुरे त्यापूर्वी वाघाने मारलेली होती. बातमी वाचून शहरांतील आपण सर्व हळहळलो व संतापलो. विष घालणे हा अपराधच आहे. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण गोठ्यातील दुभते जनावर गेले तेव्हा आपल्यापैकी कितीजण हळहळले होते? ज्या डोंगराळ गोव्यात वाघाला ‘वाघ्रो’ म्हणून देव मानले, ज्या फोंड्याच्या खाजनांत मातीची मगर करून तिची पूजा होते, तेथील माणसाच्या मनात विष यावे, यामागे त्याचा एकाकीपणाही असला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी गृहस्थाला नित्याचे पाच यज्ञ सांगितले, त्यांत एक भूतयज्ञ आहे. जेवण्यापूर्वी प्राणिमात्रांसाठी अन्नाचा वाटा घराबाहेर ठेवावयाचा. हा वाटा मोकळ्या जिवांसाठी असतो. त्यासाठी कोणास बांधून आणीत नाहीत. आणि तो आपल्या ताटातला असतो, शेजाऱ्याच्या ताटातून उचलून दिलेला नसतो. मला वाटते, मुलांना घेऊन प्राणी पाहावयास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास या दोन गोष्टींत पुरेसा बोध आहे.

म्हणून मुलांना प्राणिसंग्रहालयात नेऊ नये, असे मी म्हणणार नाही. अवश्य न्यावे. ज्याने गवा कधी पाहिला नाही त्याला गवा राहावा अशी इच्छा तरी कोठून होणार? मात्र देवळात जातो तसे जावे. हळू बोलावे, दगड मारू नये, शिट्टी वाजवू नये. प्राणी झोपला असेल तर झोपलेला पाहून परतावे. तो आपल्यासाठी नाचावयास बांधलेला नाही. मुलाने “हा येथे का?” असे विचारले तर तेथील सेवकास विचारून खरे कारण सांगावे. आणि मोकळ्या प्राण्याने गावात कोणाचे नुकसान केले तर त्याच मुलाचा हात धरून त्या घरी जावे. सरकारी भरपाईचा अर्ज लिहून देणे, पंचनामा होईपर्यंत सोबत बसणे, बी-बियाण्यास हातभार लावणे ही कामे आपल्यापैकी कोणासही करता येण्याजोगी आहेत. वाघाचे चित्र रंगविणाऱ्या मुलाला वाघामुळे ज्याची गाय गेली त्याचे अंगणही दाखवावे.

आम्ही भावाचे शेत पुन्हा उभे करण्यास घरातून काही रक्कम काढली. नातवाने खाऊचे साठविलेले एकवीस रुपये त्यात घातले. ते देताना त्याने मला विचारले, “हे हत्तीच्या जेवणाचे का?” मी म्हणालो, “होय.” त्याच्या मागील प्रश्नाचे उत्तर मी अद्याप देऊ शकलेलो नाही. तो बिबळ्या अजूनही त्याच जाळीच्या कडेने फिरत असेल. परंतु या प्रश्नाला मात्र मला खोटे बोलावे लागले नाही, एवढे समाधान आहे.