घोडीचं 'नाही' कोण ऐकतं?

फेब्रुवारीत माझं लग्न आहे आणि आईला वरातीत घोडी हवीच आहे. म्हणून कळमन्यातल्या एका घोडीवाल्याकडे गेलो. त्याने लगाम ओढून घोडीला नाचवून दाखवलं. "आवडते ना भाऊ तिले," तो म्हणाला. मी व्हिडिओ काढला. रात्री तो परत पाहिला, तर घोडीचे कान मागे चिकटलेले होते आणि शेपूट सारखी फटकारत होती.

कान बघायची सवय मला ड्रेसाजने लावली. २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांनी भारताला या खेळात सांघिक सुवर्ण मिळवून दिलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. घोडा तिरका सरकतो, धावता धावता पाय बदलतो आणि स्वार मात्र काहीच करत नसल्यासारखा दिसतो. मला वाटलं, हेच खरं नाचणं.

मग तयारी कशी करतात ते वाचलं. स्वार पोटरीने हलका दाब देतो. घोडा सरकला की दाब लगेच काढून घेतो. सुटका हेच बक्षीस. वर्षानुवर्षं हे केल्यावर दाब इतका कमी होतो की बघणाऱ्याला दिसतही नाही. म्हणजे तत्त्व घोडीवाल्याचंच, फक्त हात हलका. पण हलका दाब म्हणजे संमती नव्हे.

मी अ‍ॅप बनवतो. आमच्याकडे एक स्क्रीन असते, तिच्यावर फक्त 'मान्य आहे' एवढंच बटण. ते सगळेच दाबतात. 'नाही'चं बटणच नसेल, तर त्या 'हो'ला काय अर्थ?

म्हणून घोडा 'हो' म्हणाला का, हा प्रश्न मी सोडून दिला. तो 'नाही' म्हणाला तर पुढे काय होतं, एवढंच बघतो. जुलै २०२४ मध्ये ऑलिंपिक विजेती शार्लट दुजार्डिन एका घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारतानाचा जुना व्हिडिओ बाहेर आला. तिने पॅरिसमधून माघार घेतली, पुढे वर्षभराची बंदीही आली. तिथे 'नाही'चं उत्तर चाबूक होतं.

हांगझोऊला उलट घडलं. वैयक्तिक प्रकारात हृदय पात्रता फेरीत पहिला आला होता. अंतिम फेरीत त्याच्या घोड्याच्या पायावर रक्त दिसलं आणि तो बाद झाला. दोष कुणाचा, हे नियम विचारत नाही. रक्त दिसलं की थांबायचं. घोड्याला बोलता येत नाही, म्हणून नियम त्याच्या वतीने बोलतो आणि किंमत स्वार मोजतो.

तरी रक्त म्हणजे फार उशिराचं 'नाही'. त्याच्या आधी कान असतात, शेपूट असते, उघडं तोंड असतं. स्वाराची खरी तयारी म्हणजे हे लहान नकार ऐकू येणं. मैदान सोडून जायची मुभा घोड्याला कधीच नसते, हे मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

घोडीच नको म्हणणं मला सोपं होतं. पण घोडीवाल्याचं घर सीझनवर चालतं, आणि आईची हौस आहेच. मी त्याला फोन केला. घोडीसमोर डीजे नाही, नाचवायचं नाही, आणि ती अडली की मी उतरून पायी चालेन.

"उतरले तरी पैसे पूरे लागतीन, भाऊ."

"हो, पूर्ण देईन," मी म्हणालो.