दिव्याखालचा हिरा



१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमधील महाप्रदर्शनात कोहिनूर मांडला होता. लोक गर्दी करून आले आणि हिरमुसून परतले. भोवती गॅसचे दिवे लावूनही हिरा म्हणावा तसा चमकेना. दोष उजेडाचा नव्हता, पैलूंचा होता. पैलूंचे कोन चुकले की आत शिरलेला प्रकाश वर न परतता खालून निघून जातो. १८५२ साली ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांकडून त्याला नव्याने पैलू पाडले. सुमारे १९१ कॅरटचा हिरा १०५ वर आला! एवढे वजन गेल्याची हळहळ अनेकांना वाटली, पण हिरा उजळला.

उलट, दुकानातील प्रखर दिव्यांखाली सुमार खडाही लखलखतो. म्हणून जाणकार तो दाराशी नेऊन साध्या उजेडात पाहतात. रविवारी वेदीसमोर आपण सगळेच बरे दिसतो. सोमवारी सुनेशी बोलताना, मजुराच्या हातावर पैसे ठेवताना कसे दिसतो? फळ देणाऱ्या फांदीचीही पिता छाटणी करतो, असे प्रभू येशू सांगतो (योहान १५:२).

प्रायश्चित्त संस्कारासाठी येण्यापूर्वी घरातल्या एकाला तरी विचारा, "माझ्यातले काय छाटायला हवे?" उत्तर मिळाल्यावर मात्र वाद घालू नका.