मारका बैल व ढिलें सुकाणूं

आजच्या मननासाठीं निर्गमाच्या २१ व्या अध्यायांतील २८ व २९ हीं दोन वचनें घ्यावीं. मोशेच्या नियमशास्त्रानें तेथें बैलाच्या धन्याविषयीं एक महत्त्वाचा भेद केला आहे. एखाद्याच्या बैलानें शिंग मारून मनुष्याचा जीव घेतला, तर धनी निर्दोष ठरतो. परंतु तो बैल मारका आहे हें धन्याच्या कानीं पूर्वींच घातलें असून त्यानें त्याचा बंदोबस्त केला नसेल, तर रक्ताचा दोष धन्यावरहि येतो. बैल तोच व शिंगेंहि तींच. भेद इतकाच कीं, धन्यास माहीत होतें.

आपल्या वसई-विरारच्या गांवांत आतां गोठे थोडे उरले आहेत, परंतु मोटारगाडी पुष्कळ घरांच्या अंगणांत उभी असते. ती वाड्यांमधील अरुंद रस्त्यानें जाते. तेथें शाळेंतून परतणारीं मुलें असतात आणि मासळीची टोपली घेऊन निघालेली कोळीण असते. पुढें ती ४८ क्रमांकाच्या अहमदाबाद महामार्गावर अवजड ट्रकांच्या रांगेंत शिरते. आपला आजचा बैल तो हाच होय. तो मारका झाला आहे काय, हें आपण पाहतों काय?

एवढ्या मोठ्या तारवास लहानसें सुकाणूं वळवितें, असें याकोब आपल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायांत दाखवितो. अर्नाळ्याच्या व नायगांवच्या कोळी बांधवांस हें निराळें सांगावयास नको. मोटारींतहि तसेंच आहे. स्टिअरिंगचें चक्र फिरविलें म्हणजे टाय रॉड नांवाच्या दांड्या पुढचीं चाकें वळवितात. प्रत्येक दांडीच्या शेवटीं टाय रॉड एंड असतो. त्यांत ग्रीस भरलेल्या खोबणींत पोलादाची एक गोटी फिरते, व वरून रबराची टोपी तिचें रक्षण करते. ही टोपी चिरली कीं ग्रीस बाहेर पडतें, पावसाळ्यांतील खड्ड्यांचें पाणी व वाळू आंत शिरते, आणि गोटी व खोबण दोन्ही झिजतात. प्रथम खड्ड्यावर टकटक ऐकूं येते. मग चक्र हातांत ढिलें लागतें, गाडी सरळ धरून राहत नाहीं, व टायरची एकच कड झिजते. शेवटीं गोटी खोबणींतून निसटते, व चाक आपल्या मर्जीनें वळतें. पाहा, अपघातापूर्वीं धन्यास किती वेळां सूचना मिळते!

देशाचा कायदाहि येथें मोशेच्या मार्गानेंच चालतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १९० वें कलम, ज्यास दोष माहीत होता किंवा साधारण काळजीनें कळला असता, अशा चालकास जबाबदार धरतें. १९८९ च्या नियमांनीं चक्राच्या ढिलाईची कमाल मर्यादा ३० अंश ठरविली आहे. परंतु मर्यादा गांठेपर्यंत थांबणें हें शेजाऱ्यावरील प्रीतीचें लक्षण नव्हे.

ज्यास हत्यारें वापरण्याचा सराव आहे, त्यानें हें काम घरीं करावें. ज्यास नाहीं, त्यानें संकोच न धरतां मिस्त्रीकडे जावें. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक लावावा, मागील चाकांस दगड द्यावे, व चाकाचे नट जॅक लावण्यापूर्वींच सैल करावे. गाडी उचलल्यावर भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीं तिच्याखालीं शिरूं नये. चाक डावी-उजवीकडून धरून हालवावें व दुसऱ्यानें सांध्यावर हात ठेवावा, म्हणजे ढिलाई कळते. मग स्प्लिट पिन व नट काढून पुलरनें सांधा सोडवावा. लॉक नट सैल करून जुना भाग किती वेढ्यांनीं निघाला तें मोजावें, व नवा तितक्याच वेढ्यांनीं बसवावा. नट कारखान्याच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावा, आणि पिन नवीनच घालावी. एवढें करूनहि काम संपत नाहीं. वेढे मोजल्यानें चाकें अदमासें सरळ होतात, परंतु अलाइनमेंट यंत्रावर तपासून घ्यावीच लागते.

बंधूंनो, याकोबानें सुकाणूंचा दाखला कशासाठीं दिला? जिभेसाठीं. घरांत ज्याची जीभ झोंबते, त्यास हें बहुधा आधींच सांगितलेलें असतें. पत्नीनें एकदां हळूच म्हटलेलें असतें, "अहो, लेंकरूं तुम्हांस भितें." मंडळींतील एखाद्या वडिलानेंहि बाजूस नेऊन समजाविलेलें असतें. ती टकटक होती. ज्यानें ती ऐकून न ऐकल्यासारखी केली, तो पुढें, "रागाच्या भरांत बोलून गेलों," असें कसें म्हणूं शकेल? त्याचा बैल मारका आहे हें त्यास कळविलें होतें.

अंतःकरणहि असेंच झिजतें. प्रार्थनेची टोपी चिरते, कृपेचें ग्रीस आटतें, व जगाची वाळू हळूहळू आंत शिरते. त्यावर वरून तेल लावून भागत नाहीं. झिजलेला भाग काढून नवा बसवावा लागतो, आणि नवें हृदय देणारा देवच आहे. शिवाय आपण सरळ झालों कीं नाहीं, हें आपल्याच नजरेनें ठरवूं नये. वचनाच्या मापास लावून पाहावें, व ज्यांस आपल्यामुळें दुखापत झाली त्यांस विचारावें.

यास्तव येत्या रविवारीं उपासनेस निघण्यापूर्वीं गाडीचें चाक एकदां हालवून पाहा. तसेंच घरच्या माणसांजवळ क्षणभर बसून विचारा, "माझ्या बोलण्यानें तुम्हांस कोठें लागतें काय?" जें उत्तर मिळेल तें प्रभूकडून आलेली सूचना समजून ऐका. सूचना मिळाली आहे तोंपर्यंत दया आहे, व दुरुस्तीस वेळहि आहे.