मला चालत नाही

गेल्या दिवाळीत माझ्या कमरेचा घेर चार इंचांनी कमी झाला होता. अभिमानाचा घेर किती वाढला होता, ते मोजायला मात्र शिंप्याची टेप उपयोगाची नव्हती.

आठ महिने मी रोज पहाटे चोवीस सूर्यनमस्कार घालीत होतो, तासभर चालत होतो आणि गहू वर्ज्य केला होता. पोळी, पाव, बिस्किटे, खारी, सारे बंद. वजनाचा काटा फारसा हलला नव्हता, पण विजारीला नवी भोके पाडलेला पट्टा लागत होता. याचे कारण साधे आहे. स्नायू चरबीपेक्षा घन असतो. तेवढ्याच वजनाला तो जागा कमी घेतो. हे सारे मी भेटेल त्याला समजावून सांगत असे. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

भाऊबीजेला ताईकडे गेलो. ओवाळून झाल्यावर तिने फराळाचे ताट पुढे केले. मी करंजी बोटाने बाजूला सारली आणि म्हणालो, “ताई, मला चालत नाही. मैद्यात ग्लूटेन असतं.” आणि गहू, जव, राय या धान्यांतील त्या चिकट प्रथिनावर दहा मिनिटांचे व्याख्यान दिले. ताईने मुकाट्याने करंज्या उचलल्या आणि अनारसे आणून ठेवले. अनारसा तांदळाचा; मी चार खाल्ले. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या लोकांनी उगीच केलेली नाही.

ताईच्या दिरांची नऊ वर्षांची मुलगी जवळच बसली होती. तिच्या मांडीवर घरून आणलेला वेगळा डबा होता. तिचा चेहरा एकदम उजळला. “मामा, तुम्हालाही सिलिअ‍ॅक आहे?”

“नाही गं. पोट कमी करायला सोडलाय गहू.”

ती क्षणभर विचारात पडली. “म्हणजे एक करंजी खाल्ली, तर तुम्हाला काही होणार नाही?”

“तसं काही नाही होणार.”

“मग खा ना! काकू रात्री किती वेळ लाटत होती.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

त्या मुलीचा आजार काय आहे, ते मी नंतर नीट समजून घेतले. सिलिअ‍ॅक असलेल्याने ग्लूटेन खाल्ले, की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तेथील बोटांसारखे बारीक उंचवटे झिजतात. मूल जेवते, पण अंगी लागत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. लोक खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला, तसा आजारही परतला. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. त्याने १९५० साली आपल्या प्रबंधात तो सप्रमाण मांडला. आजही या रोगावर जन्मभराच्या पथ्यावाचून खात्रीचा उपाय नाही, आणि त्या पथ्यात चिमूटभर कणीकही बसत नाही.

आणि माझे इंच? ते ग्लूटेन गेल्याने गेले नव्हते. गव्हाबरोबर बिस्किटांतली साखर आणि खारीतले तूप सुटले, पाय रोज हलले, म्हणून ते गेले. गहू नसला म्हणून तळलेला गोड अनारसा काही पथ्याचा होत नाही. आमच्या आजीच्या घरी पोळी सणावारी होई. रोज ज्वारीची भाकरी. ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द ऐकल्यावाचूनच ती जन्मभर तसे जेवली, आणि त्याचा तिने कधी गवगवा केला नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग काय यजमानाच्या प्रेमापोटी आपली प्रकृती बिघडवून घ्यावी? मुळीच नाही. आपल्याकडे आग्रहाचेही एक क्रौर्य आहे. मधुमेहाच्या माणसाच्या ताटात ‘एकानं काय होतंय’ म्हणून लाडू टाकणारे हात प्रेमळ असतात, पण ते अपायच करतात. नाही म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला हवा. प्रश्न आहे तो नाही कसे म्हणावे याचा.

आपल्या भाषेत दोन नकार आहेत. ‘नको’ हा मनाचा नकार. त्याची जबाबदारी माझी. ‘चालत नाही’ हा देहाचा नकार. त्यापुढे यजमानाने हात आवरावा, अशी रीत आहे. मला ‘नको’ म्हणण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी ‘चालत नाही’ उसने घेतले. ज्यांचे ते होते, त्यांच्याकडून घेतले. माझ्यासारखे दहा हौशी ‘चालत नाही’ म्हणून गेले आणि महिन्याभराने पोळी खाताना दिसले, की अकराव्या खेपेला ती मुलगी तेच शब्द उच्चारते, तेव्हा लोक हसून म्हणतात, “थोडं खा गं, काही होत नाही!” माझा संयम मला चार इंच देऊन गेला, त्याची किंमत तिच्या शब्दाची पत कमी करून फेडली गेली. संयम स्वतःच्या खर्चाने करावा, दुसऱ्याच्या नव्हे.

सूर्यनमस्कार अजून चालू आहेत. पोळीही पानात परत आली आहे, मोजून दोन. गेलेल्यांपैकी अर्धा इंच परतला, बाकीचे आले नाहीत.

यंदा भाऊबीजेला ताई करंज्या वाढील. एक खाईन. दुसरी वाढू लागली, की म्हणेन, “ताई, नको.” ती रागावेल, आग्रह करील. करू दे. त्या पोरीचा डबा उघडला जाईल, तेव्हा मात्र कोणी आग्रह करू नये, एवढे मी पाहीन.