अंतःकरणाचा तास

इंग्लंडात 1862 साली मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणितातील निकालावरून शाळेचे अनुदान ठरविण्याची वहिवाट पडली व पुढे मुंबई इलाख्याच्या विद्याखात्यानेही तिचा कित्ता गिरविला, तेव्हा जे मोजता येते तेवढेच शिकवावयाचे, हा दंडक आपल्या शाळांच्या हाडीमाशी खिळला. डेप्युटीसाहेबांची स्वारी तपासणीस आली म्हणजे बिनचूक पाढे म्हणणारा मुलगा पुढे उभा करीत. मागे भेदरून बसलेल्याची नोंद करण्यास त्यांच्या दप्तरात रकानाच नव्हता.

ही उणीव प्रथम भरून निघू लागली ती वर्गात नव्हे, वसतिगृहात. साताऱ्यास 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी चालविलेल्या बोर्डिंगात स्पृश्य आणि अस्पृश्य, हिंदू आणि मुसलमान मुले एका छपराखाली राहत, स्वयंपाकाची कामे वाटून घेत आणि एकाच पंगतीस जेवत. ज्याच्या हातचे पाणीदेखील घरी चालत नसे, त्याच्याच हातची भाकरी केव्हा तव्यावरून उतरते याची भुकेल्या पोटी वाट पाहणाऱ्या मुलास समतेवर निराळे व्याख्यान देण्याचे प्रयोजन उरत नाही. बोर्डी येथे 1945 पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम मांडले. पण वंचितांची मुले शाळेकडे फिरकेनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्या वस्तीच्या अंगणात नेली. तेथे मुलांना न्हाऊ घालणे, त्यांची नखे कापणे, हाही शिक्षणाचाच भाग होता. आपण कोणाला तरी हवे आहोत, ही खात्री मुलाला अक्षरांआधी मिळावी लागते, हे त्या दोघींनी कृतीने दाखविले.

अमेरिकेत जेम्स कोमर यांनी न्यू हेवनच्या गरीब वस्तीतील शाळांत 1968 साली पालक व शिक्षक यांना एकत्र आणून असाच प्रयत्न आरंभिला, आणि 1990च्या सुमारास मानसशास्त्रज्ञांनी या साऱ्या विचारास भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय बैठक दिली. हे आमच्याकडे आधीच होते, असा ढोल पिटण्यात मात्र मला स्वारस्य नाही. आमचे प्रयोग थोर व्यक्तींच्या पुण्याईवर चालले. त्यांनी तिकडे पद्धत बांधली, आणि पद्धत बांधल्यावाचून कोणतीही गोष्ट लाखो मुलांपर्यंत पोहोचत नाही. दिल्ली सरकारने 2018 साली आपल्या शाळांत आनंदाचा तास सुरू केला व त्यास परीक्षा ठेवली नाही, ही त्यातील शहाणपणाची गोष्ट. कारण सहानुभूतीस गुण लागू झाले की मुले ती पाठ करतील.

परंतु तास नेमला म्हणून माणूस निर्माण होत नाही. शिरगणती, निवडणुका आणि नाना तक्ते भरून थकलेल्या शिक्षकास मुलाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची फुरसत कोठली? शिक्षणखात्याने नवे परिपत्रक धाडण्यापूर्वी त्याच्या माथ्यावरील ही कामे उतरवावीत आणि कायद्याने प्राथमिक शाळेसाठी घालून दिलेले एका शिक्षकामागे 30 मुलांचे प्रमाण शाळाशाळांतून खरोखरच पाळावे.